कायदा घटनेत बसतो की नाही हे कोर्ट कसं ठरवतं, आणि स्टे लगेच का देत नाही

नव्या कायद्याविरुद्ध कुणी सुप्रीम कोर्टात गेलं की सगळे आधी विचारतात, स्टे (निकाल लागेपर्यंत कायद्याला स्थगिती) मिळाला का? नाही मिळाला की कोर्टाने सरकारपुढे नांगी टाकली म्हणून पोस्टी सुरू. पण यामागे एक जुना नियम आहे, निवडून आलेल्या सभागृहाने केलेला कायदा कोर्ट आधी वैध धरूनच चालतं, तो घटनेच्या विरोधात जातो हे दाखवायचं ओझं आव्हान देणाऱ्यावर. म्हणूनच निकाल लागेपर्यंत कायदा थांबवायला कोर्ट सहसा तयार नसतं.

आपल्याकडे हा नियम घट्ट झाला तो सोलापूरच्या एका गिरणीमुळे. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली, कामगार घरी बसले, आणि केंद्राने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून, मग त्याचा कायदा करून, कारभार ताब्यात घेतला आणि आपले डायरेक्टर बसवले. चिरंजीतलाल चौधरी नावाच्या शेअरहोल्डरचा मुद्दा साधा होता, देशात एवढ्या कंपन्या असताना एकट्या आमच्यासाठी वेगळा कायदा कसा, कलम १४ मधली समानता कुठे गेली? डिसेंबर १९५० मध्ये पाचपैकी तीन जज म्हणाले की परिस्थिती खास असेल तर एकाच कंपनीपुरताही कायदा चालतो, आणि ती खास नाही हे तुम्ही दाखवा. पतंजली शास्त्री आणि एस. आर. दास यांना हे पटलं नाही.

मला खरं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. नव्या डायरेक्टरांनी प्रेफरन्स शेअर (लाभांशात आधी हक्क असलेले शेअर) असणाऱ्यांना दर शेअरमागे ५० रुपये भरायला सांगितले, द्वारकादास श्रीनिवास यांनी नकार दिला, मुंबई हायकोर्टात हरले, तरी वर गेले. १९५३ च्या डिसेंबरमध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने तोच कायदा रद्द केला, कारण आता मुद्दा समानतेचा नव्हता, भरपाई न देता मालमत्ता काढून घेण्याचा होता. तोपर्यंत शास्त्री सरन्यायाधीश झाले होते. म्हणजे कायदा एकदा टिकला म्हणजे कायमचा टिकला असं नसतं, प्रश्न कुठल्या कलमावर विचारला त्यावर बरंच अवलंबून. सरकारने मग १९५५ मध्ये चौथी घटनादुरुस्ती करून मालमत्तेचं कलमच बदललं, तो वाद वेगळा.

मधे १९५२ मध्ये अन्वर अली सरकार (हे आरोपीचं नाव) केस झाली. बंगालच्या कायद्यात कुठलीही केस स्पेशल कोर्टाकडे पाठवायची मुभा सरकारला होती, कुठली पाठवायची याचा काही निकषच नाही, म्हणून तो पडला. त्यातून आलेली कसोटी आजही चालते: कायद्याने लोकांमध्ये केलेला फरक खरा हवा, आणि त्या फरकाचा कायद्याच्या हेतूशी संबंध हवा.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगणाऱ्या २०१७ च्या प्रायव्हसी निकालानंतर आणखी एक कसोटी ठळक झाली. हक्कावर गदा येतेय हे दिसलं की सरकारला सांगावं लागतं की हेतू योग्य होता, आणि तो गाठायला याहून कमी त्रासाचा मार्ग नव्हता. इथे ओझं बरंचसं सरकारकडे सरकतं, आणि हे व्हायलाच हवं होतं.

स्टेचा नियम मात्र जवळपास तसाच राहिला. अपवाद आहेत, सप्टेंबर २०२० मध्ये मराठा आरक्षण, जानेवारी २०२१ मध्ये कृषी कायदे. पण इलेक्टोरल बाँडवर (पक्षांना नाव गुप्त ठेवून देणगी द्यायचे रोखे) २०१९ मध्ये स्टे नाही, २०२१ मध्येही नाही. कायदा वैध धरा, हरकत नाही, पण मग निकाल तरी लवकर द्या ना, नाहीतर जिंकून उपयोग काय? १५ फेब्रुवारी २०२४ ला पाचही जजनी एकमताने योजना रद्द केली, सरकार ज्याचं कारण देत होतं तो काळा पैसा रोखायला दुसरे मार्ग आहेत आणि पक्षांना पैसा कोण देतं हे मतदाराला कळायला हवं असं सांगून. पण बाँड २०१८ पासून विकले जात होते, मधे दोन लोकसभा निवडणुकांमधला जवळपास सगळा काळ गेला, आणि वटलेले पैसे पक्षांकडेच राहिले.