जबडा मुळात लाकडाचाच

सुतारकामाचा नवा लोखंडी व्हाइस, म्हणजे लाकूड आवळून धरायचा बाकाचा शिकंजा, आणला की त्याच्या जबड्यात आरपार पाडलेली भोकं दिसतात. काम पकडायला त्यांचा काही उपयोग नाही. लाकडी फळ्या स्क्रूने बसवता याव्यात म्हणून ती कारखान्यातच पाडलेली असतात. या फळ्यांना आपण जोडकाम समजतो, पण घडलं उलट. जबडा आधी लाकडाचा होता, लोखंड मागाहून आलं.

त्याच्याही आधी व्हाइसच नव्हता. रोमन सुतार बाकाच्या भोकात लोखंडी आकडा ठोकून लाकूड दाबून धरत. इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीने इ.स. 79 मध्ये गाडलेल्या हर्क्युलेनियम शहरातल्या एका भित्तिचित्रात तो आकडा आहे. स्क्रूने आवळायचा जबडा बऱ्याच नंतरचा. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या 1505 मधल्या लोफेलहोल्झ हस्तलिखितात तसा बाक रेखाटलेला आहे. लंडनच्या जोसेफ मॉक्सनने 1678 च्या सुमारास छापलेल्या चित्रात बाकाच्या कडेला दोन स्क्रूंची आडवी फळी दिसते. आजचा ‘मॉक्सन व्हाइस’ तो हाच. फ्रान्समध्ये आंद्रे रूबोने 1769 पासून सुतारीवर खंडच्या खंड काढले, त्यात बाकाच्या पायाला लावलेला उभा व्हाइसही आहे.

या उभ्या व्हाइसची गंमत अशी, की बाकाचा पायच आतला जबडा होतो आणि समोरची जाड फळी बाहेरचा. स्क्रू मधे, काम वर. आवळलं की फळीचं खालचं टोक आत जाऊ बघतं आणि वरची पकड सुटते. म्हणून तळाशी भोकांची आडवी पट्टी आली: कामाच्या जाडीप्रमाणे भोक निवडायचं, खुंटी घालायची, खालचं टोक तिथेच अडतं. स्क्रूसुद्धा लाकडाचाच असे.

19व्या शतकात ओतीव लोखंड स्वस्त झालं आणि इंग्लंडच्या कारखान्यांनी जबडा, दांडे, स्क्रू सगळंच लोखंडी केलं. पुढे शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीचे 52 आणि 53 नंबरचे व्हाइस घरोघरच्या बाकांवर गेले. खटका दाबला की स्क्रूला धरणारी अर्धी चाकी (नट) सुटते आणि जबडा सरळ ओढता येतो, ही सोय लाकडी स्क्रूत कुठली? पण उघड्या लोखंडात धरलेल्या लाकडावर वळ उठतात, आणि रंधा घसरून जबड्यावर आपटला तर पात्याची धार गेलीच. म्हणून गेलेलं लाकूड अस्तर होऊन परतलं. फळी बाकाच्या पृष्ठभागाशी समतल आणि लोखंडाच्या थोडी वर ठेवायची, स्क्रूची डोकी खोल बुडवायची. इंग्लंडमध्ये त्यासाठी बीच या झाडाचं कठीण लाकूड वापरतात. आपल्याकडे सागाचा तुकडा हाताशी असतोच.

आपल्याकडची जुनी सुतारी मात्र जमिनीवर बसून चाले. लाकूड पावलांनी दाबून धरायचं आणि हात मोकळे ठेवायचे. बाक आणि व्हाइस बहुतेकांनी आधी पाहिले ते शाळेच्या किंवा आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये, जबड्यांना रंध्याचे घाव पडलेले आणि कडा झिजलेल्या.