'पुट ऑफ' की 'कॉल ऑफ'? खरा घोळ घालतो तो 'स्थगित'

२०२० साली महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीला जी मुलं होती, त्यांनी भूगोलाचा पेपर दिलाच नाही. तो २३ मार्चला व्हायचा होता. कोरोनामुळे आधी पुढे ढकलला, मग १२ एप्रिलला रद्दच झाल्याचं जाहीर झालं आणि बाकीच्या पेपरांच्या सरासरीवरून गुण दिले गेले. इंग्रजीत ही सगळी हकिगत दोन वाक्यांत मावते: 'द जॉग्रफी पेपर वॉज पुट ऑफ इन मार्च. इन एप्रिल, इट वॉज कॉल्ड ऑफ.' मधल्या दिवसांत नकाशाची वही आवरून ठेवायची सोय नव्हती, कारण पुट ऑफ झालेला पेपर डोक्यावर असतोच, फक्त तारीख हलते. कॉल ऑफ झाला की विषय मिटला.

पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, कॉल ऑफ म्हणजे रद्द करणं, हे क्लासच्या वहीत सगळेच लिहून घेतात. तरीही मराठीतून इंग्रजीत जाताना चुका होतातच, आणि माझ्या मते त्याला जबाबदार आहे आपला 'स्थगित' हा शब्द. वर्तमानपत्रात तो दोन्हीकडे चालतो. सुनावणी स्थगित, म्हणजे ती पुढे होणार. आंदोलन स्थगित, म्हणजे लोक घरी गेले, प्रकरण तूर्तास संपलं. संघटनांना 'मागे घेतलं' म्हणायचं नसतं, म्हणून त्याही 'स्थगित'च म्हणतात.

इतिहासाच्या पेपरात हा खड्डा ठरलेला आहे. चौरीचौरा घडल्यावर फेब्रुवारी १९२२ मध्ये गांधीजींनी असहकार चळवळ स्थगित केली, असं आपण मराठीत वाचलेलं असतं. त्याचं इंग्रजी करताना मूल लिहितं, 'गांधी पुट ऑफ द मूव्हमेंट.' याचा अर्थ होतो की चळवळ अजून सुरूच व्हायची होती आणि गांधीजींनी तिचा मुहूर्त लांबवला. इथे 'कॉल्ड ऑफ'च हवं. चळवळ दीड वर्ष चालू होती, ती त्यांनी थांबवली.

म्हणजे 'पुन्हा होणार की नाही' एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. गोष्ट सुरू झाली होती का, हेही विचारायला हवं. पुट ऑफ फक्त सुरू न झालेल्या गोष्टीला लागतं. कॉल ऑफ दोन्हीला चालतं: न झालेला कार्यक्रमही कॉल ऑफ होतो आणि चालू असलेला संपही. जुन्या पेन्शनसाठी राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी १४ मार्च २०२३ पासून संप केला आणि २० मार्चला तो मागे घेतला. 'द एम्प्लॉईज कॉल्ड ऑफ द स्ट्राइक.' याच वाक्यात 'पुट ऑफ' घातलं, तर कर्मचारी संपावर गेलेच नाहीत असं होईल. रात्री अंधारामुळे शोधमोहीम थांबवली, तेव्हाही 'द सर्च वॉज कॉल्ड ऑफ फॉर द नाइट' म्हणतात. सकाळी ती पुन्हा सुरू होऊ शकते.

क्रिकेटवाल्यांना हे २०१९ च्या वर्ल्ड कपवरून चटकन कळेल. साखळीतला भारत-न्यूझीलंड सामना नॉटिंगहॅमला एकही चेंडू न पडता वाहून गेला आणि गुण वाटून घेतले. तो सामना कॉल ऑफ. उपांत्य फेरीत मँचेस्टरला ९ जुलैला पावसाने खेळ थांबला, तो दुसऱ्या दिवशी राखीव दिवसावर तिथूनच पुढे सुरू झाला. तिथे 'द मॅच' नव्हे, 'प्ले वॉज कॉल्ड ऑफ फॉर द डे'. (त्या दुसऱ्या दिवसाबद्दल आपण बोलायला नको.)

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र लग्नाची. घरात सुतक आलं म्हणून लग्न पुढच्या मुहूर्तावर नेलं आणि अमेरिकेतल्या मंडळींना कुणी मेसेज टाकला, 'वेडिंग कॉल्ड ऑफ', की तिकडून लगेच फोन येणार: काय झालं, कुणी मोडलं? कारण 'कॉल ऑफ द वेडिंग' म्हणजे लग्न मोडणं. लिहायला हवं होतं, 'द वेडिंग हॅज बीन पुट ऑफ टिल मे.'

त्या 'टिल'कडेही लक्ष द्या. पुट ऑफला पुढची तारीख जोडता येते: 'टिल मंडे', किंवा किती लांबलं ते सांगायचं तर 'बाय अ वीक'. 'द मीटिंग इज कॉल्ड ऑफ टिल मंडे' असं ऑफिसच्या ईमेलमध्ये सर्रास दिसतं, पण ते एकाच वाक्यात रद्द करून परत बोलावण्यासारखं आहे.

बाकी व्याकरण थोडक्यात. 'इट' किंवा 'देम' आलं, तर ते दोन्हींच्या मधोमध बसतं: 'पुट इट ऑफ', 'कॉल देम ऑफ'. 'पुट ऑफ इट' कधीच नाही. भूतकाळात 'पुट' तसाच राहतो, 'पुटेड' होत नाही. चालढकल सांगायची असेल, तर पुट ऑफपुढे 'इंग'वालं क्रियापद येतं: 'शी कीप्स पुटिंग ऑफ गोइंग टू द डेन्टिस्ट.' दाढ ठणकतेय आणि बाई उद्या-उद्या करतायत. कॉल ऑफला ही रचना जमत नाही, त्याला ठरलेलाच काहीतरी कार्यक्रम लागतो: मॅच, मीटिंग, सहल, संप. आणि तो ठरवणाऱ्याने किंवा ज्याच्या हातात आहे त्याने रद्द करावा लागतो. म्हणून रेल्वेचं तिकीट आपण कॉल ऑफ करत नाही, 'कॅन्सल' करतो. सहलीला न जाणारा एकटा मुलगा सहल कॉल ऑफ करू शकत नाही. बाई करू शकतात.

पुट ऑफचा आणखी एक अर्थ आहे, त्याचा तारखेशी काही संबंध नाही. 'द स्मेल पुट मी ऑफ' म्हणजे वासानेच जेवणावरची इच्छा गेली. इथे 'पुट' आणि 'ऑफ'च्या मध्ये माणूस येतो, एवढ्यावरून तो ओळखायचा. पण 'ही पुट मी ऑफ' एवढंच वाक्य सुटं दिलं, तर त्याने आपल्याला नंतर या म्हणून टोलवलं की त्याच्यावरून आपलं मनच उडालं, हे मागचं-पुढचं वाचल्याशिवाय इंग्रजांनाही सांगता येणार नाही.