गल्ला (खानदेशातील नाणेबचत)

गल्ला : सुटी नाणी टाकून साठवण्याचे तोंडबंद भांडे, तसेच त्याच्या आधाराने होणारी घरगुती बचत. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत ही बचत मुख्यतः मुलांची व बायकांची. दुकानातील विक्रीच्या पेटीलाही गल्लाच म्हणतात. ती रोज रात्री रिकामी होते, म्हणून तिचा विचार येथे केलेला नाही.

घडण : मातीचा गल्ला कुंभार चाकावर उचलतो आणि काठ आत दाबत नेऊन तोंड पूर्ण बंद करतो. माती अर्धवट सुकली की वरच्या भागात फट कापतात. वाळताना व भाजताना माती आक्रसते, त्यामुळे फट नाण्यापेक्षा थोडी मोठी ठेवावी लागते. भांड्यात कोंडलेली हवा व वाफ भाजताना या फटीतूनच निघून जाते; फट नसलेले बंद भांडे भट्टीत फुटण्याचीच शक्यता जास्त. फटीचे माप नाण्यावर ठरते : चांदीचा जुना रुपया सुमारे साडेतीस मिलिमीटर व्यासाचा होता आणि ढब्बू पैसाही (तांब्याचे जुने मोठे नाणे) जवळजवळ तेवढाच होता. आजची सर्वांत मोठी चलनी नाणी, दहा व वीस रुपयांची, २७ मिलिमीटरची आहेत. आखाजीला (अक्षय्य तृतीया) पितरांच्या नावाने घागर भरण्याची चाल असल्याने त्याआधीच्या आठवडे बाजारांत कुंभारांचा माल मोठ्या प्रमाणावर येतो. त्या घागरींच्या शेजारीच गल्ले मांडलेले असतात. पत्र्याचे कुलूपबंद व प्लॅस्टिकचे गल्ले नंतरचे. ते फोडावे लागत नाहीत, आणि बचतीच्या दृष्टीने हाच त्यांचा दोष म्हणावा लागेल.

उगम : या प्रथेच्या प्राचीनतेबद्दल मतभेद संभवतो. मडक्यात पुरलेली नाणी सर्वत्र सापडतात, म्हणून गल्लाही तितकाच जुना, असे एक मत. त्याच्या पुष्ट्यर्थ परदेशी दाखले देता येतात : आशिया मायनरमधील प्रिएने येथे इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुमाराची, देवळाच्या आकाराची, फट असलेली नाणेपेटी मिळाली आहे, तर जावात मजपाहित काळातील (सु. चौदावे-पंधरावे शतक) मातीची डुकरे प्रसिद्ध आहेत. परंतु पुरलेला ठेवा आणि गल्ला यांत फरक केला पाहिजे. ठेवा बहुधा चांदी-सोन्याचा, एकदम पुरलेला व लपवलेला. गल्ला भरतो तो हलक्या नाण्यांनी, रोज थोडा थोडा, आणि तो घरात सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. खानदेशालगतच्या बागलाणात देवळाणे येथे कलचुरी घराण्यातील कृष्णराजाची (सहावे शतक) चांदीची नाणी सापडली. ‘कृष्णराज-रूपक’ हे नाव अंजनेरीच्या सु. ७१०-११ च्या ताम्रपटातही येते, म्हणजे हे चलन दीड शतक तरी लोकांच्या हिशेबात टिकले होते. त्यावरून सुट्या तांब्याच्या घरगुती साठ्याबद्दल मात्र काहीच अनुमान निघत नाही.

मोगलांपूर्वी खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांनी स्वतःची नाणी पाडलीच नाहीत, असे पूर्वीचे नाणकशास्त्रज्ञ मानत. पुढे तांब्याची काही दुर्मीळ नाणी त्यांची म्हणून ओळखण्यात आली; तरीही बाजारात शेजारच्या गुजरात व माळवा सल्तनतींचे तांबेच प्रामुख्याने खेळत असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अकबराने १६०१ मध्ये फारुकींचा असीरगड किल्ला घेतल्यानंतर बुऱ्हाणपूरची मोगल टांकसाळ भरभराटीला आली, पण तिची कीर्ती रुपयांमुळे आहे. मराठेशाहीत शिवराई या तांब्याच्या नाण्याच्या रूपाने हलके तांबे खेडोपाडी पोहोचले, आणि १८३५ पासून कंपनीचा एकसारखा रुपया आल्यावर (१६ आणे = ६४ पैसे = १९२ पै) शिवराई हळूहळू मागे पडली. मजुरीचा बराच भाग धान्यात मिळत होता तोवर कुणब्याच्या किंवा मजुराच्या घरी सुटे पैसे साचण्याचे कारण फारसे नव्हते. ही स्थिती १८६० च्या दशकात पालटली. अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, त्याच दशकात जळगाव-भुसावळकडे रेल्वे आली, आणि वेचणीची व हमालीची मजुरी रोख मिळू लागली. म्हणून गल्ल्याचा घरोघर प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानणे सयुक्तिक ठरते.

मोल : गल्ल्यातील रक्कम कधीच मोठी नसे. तिचे मोल ती कोणाच्या हाती राहते यात होते. कापसाची पट्टी (विक्रीची रक्कम) किंवा केळीचे पैसे घरधन्याकडे जात. बाजारातून उरलेली चवली-पावली (दोन व चार आण्यांची नाणी), भाजी किंवा अंडी विकून आलेले पैसे, पाहुण्यांनी मुलाच्या हातावर ठेवलेला आणा हे मात्र बाईचे व मुलाचे. डाळीच्या डब्यात किंवा पदराच्या गाठीला ठेवलेला पैसा चटकन मागितला जातो. गल्ल्यातला पैसा काढायचा तर गल्ला फोडावा लागतो. पोस्टाची बचत बँक १ एप्रिल १८८२ पासून होती, पण ती तालुक्याच्या किंवा मोठ्या गावी. पुढे महिला बचत गटांनी त्याच बारक्या रकमांना हिशेबाच्या वहीत जागा दिली. गल्ल्याचे पैसे बांगड्या, वह्या-पुस्तके, सारंगखेड्याची यात्रा, कानबाई या खानदेशी देवीच्या रोटांचा (नैवेद्याचा) वाटा अशा कामी येत.

सातपुड्यातील भिल्ल व पावरा स्त्रिया रुपये, अधेल्या (अर्ध्या रुपयाची नाणी) व पावल्या ओवून गळ्यात घालत. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला, त्यामुळे अशा माळांत जुन्या रुपयांना मान राहिला.

चलनबदल व नुकसान : १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती आली. बदलीच्या तक्त्याप्रमाणे एका आण्याचे ६ नवे पैसे, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ व चार आण्यांचे २५ होत. म्हणजे चार आणे सुटे सुटे मोडले तर २४ आणि एकदम मोडले तर २५. साठवून ठेवणाऱ्याचा एका पैशाने फायदा होई, हा योगायोग नमूद करण्यासारखा आहे. पुढे धातू महागला आणि सुटी नाणी वितळवली जाऊ लागली, तेव्हा १९७१ च्या कायद्याने रुपयाखालील नाणी वितळवणे व त्यासाठी साठवणे हा गुन्हा ठरला. घरातल्या गल्ल्याला त्याची झळ लागण्याचे कारण नव्हते. खरा तोटा ३० जून २०११ ला झाला. २५ पैसे व त्याखालची नाणी त्या दिवसापासून चलनातून गेली, बँकांत ती बदलून घेण्याची मुदत २९ जूनपर्यंत होती, आणि जे गल्ले तोवर फुटले नाहीत त्यांतली चाराणे-वीस पैशांची नाणी केवळ धातू उरली. पन्नास पैशांचे नाणे अद्याप चलनात आहे, मात्र दुकानदार ते क्वचितच घेतो.

सद्यस्थिती : २०११ च्या नाणे अधिनियमानुसार एक रुपया व त्यावरील नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी, तर पन्नास पैशांची दहा रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत. दहाच्या नाण्याबद्दल अफवा पसरून ते नाकारले जाऊ लागल्याने रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये त्याचे चौदाही नमुने वैध असल्याचे जाहीर केले. बँकेत नाणी भरताना प्रत्येकी शंभरच्या पिशव्या करून न्याव्यात, अशी अपेक्षा असते. मोबाइलवरून पैसे देणे रूढ झाल्यापासून सुटे घरी येण्याचेच प्रमाण घटले आहे. मुलांच्या गल्ल्यात आता नाण्यांबरोबर घडी केलेल्या दहा-वीसच्या नोटा अधिक पडतात.