वारली चित्र: हस्तकला की चित्रकला?

वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, सवाशिणींनीच काढायचा असतो. शेणा-गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, मधोमध सुफलतेची पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात पाच शिरांचा देव पंचशिऱ्या. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. चित्र कशासाठी, हा प्रश्न तिथे पडतच नाही. काढणारीचं नाव भिंतीवर येत नाही.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला डहाणूकडच्या पाड्यांवर कागद पोचला. तो घेऊन येणारा स्वतः चित्रकार होता, पण त्याला पाठवलं होतं हस्तकलेचं काम पाहणाऱ्या सरकारी मंडळाने. त्याआधी, 1966-67च्या बिहारमधल्या दुष्काळात, याच मंडळाने मिथिलेतल्या भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायकांच्या हाती कागद दिला होता. हेतू सरळ होता: घरात चार पैसे यावेत. ते आले, आणि ते कमी लेखण्याचं कारण नाही. पण त्याच दिवशी या चित्रावर ‘हस्तकला’ असा शिक्का बसला, तो आजवर निघालेला नाही.

हा शब्दाचा किस काढणं नव्हे. हस्तकला म्हटलं की काढणारा कारागीर ठरतो आणि त्याने ठरलेला नमुना हुबेहूब उतरवावा, अशी अपेक्षा येते. चित्रकला म्हटलं की सही येते, विषय स्वतः निवडण्याचा हक्क येतो. कागदावर पुरुष पुढे आले आणि त्यांनी हा हक्क घेतला. डहाणूकडच्याच गंजाड गावातल्या एका वारली चित्रकाराने मासे धरायचं जाळं असं रेखलं की सगळा कागद त्या बारीक रेघांनी भरून जातो. लग्नाच्या चौकाशी त्याचा संबंध उरला तो पांढऱ्या रेघेपुरता. 1975मध्ये त्याची चित्रं मुंबईच्या कलादालनात लागली, 1989मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात जगभरच्या समकालीन कलावंतांच्या रांगेत. तरीही 2002मध्ये सरकारने त्याला गौरवलं ते शिल्पगुरू म्हणून, म्हणजे कारागिरांसाठीच्या सन्मानाने. कलेच्या विभागातली पद्मश्री मिळायला 2011 साल उजाडलं. इतका उशीर व्हायला नको होता.

2014च्या भौगोलिक मानांकनातही नोंद हस्तकला अशीच आहे. त्याने ‘वारली चित्र’ या नावाला संरक्षण मिळालं, ते समाजाचं म्हणून. एखाद्या चित्रकाराची स्वतःची रेघ कुणी चादरीवर किंवा टी-शर्टवर उचलली, तर त्याला वेगळा कॉपीराइट सांगावा लागतो, आणि त्यासाठी आधी हे चित्र अमक्याचं आहे असं मानावं लागतं. चौक काढणाऱ्या सवाशिणींचं नाव तर दोन्हीकडे नाही.