एटनाच्या राखेत घडणाऱ्या जाती

एखादी वनस्पती जगात एकाच ठिकाणी उगवते म्हटलं, की ती फार प्राचीन असणार, असं आपण धरून चालतो. सिसिली बेटावरचा एटना हा समज मोडतो. हा ज्वालामुखी जेमतेम पाचेक लाख वर्षांचा, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबात कालचाच. तरीही त्याच्या उतारांवरच्या काही जाती दुसरीकडे कुठेच नाहीत.

थिजलेल्या लाव्हावर आधी येतं ते करडं दगडफूल. त्यानं खडक पोखरला, फटींत राख-धूळ साचली, की फुलझाडं शिरकाव करतात. 2,000 मीटरच्या आसपास ॲस्ट्रागॅलस सिक्युलस हे काटेरी झुडूप जमिनीलगत गोल गादीसारखं पसरतं. फक्त एटनावरच वाढणाऱ्या या झुडपाच्या आड, वाऱ्यापासून आणि चरणाऱ्या जनावरांपासून बचावून, कितीतरी नाजूक रोपं तग धरतात. ते गेलं तर तीही उघडी पडतील.

सगळ्यांत विलक्षण आहे ती सेनेसिओची कथा. पिवळ्या फुलांच्या या वंशातल्या दोन जाती इथे आहेत : सेनेसिओ क्रिसँथेमिफोलियस पायथ्याकडे, सेनेसिओ एटनेन्सिस माथ्याकडे. दोघींचा संकर सहज होतो, मधल्या पट्ट्यात संकरित रोपं भरपूर दिसतात. तरी त्या एकमेकींत विरघळून जात नाहीत, कारण खालच्या उन्हात फायद्याचे गुण वरच्या थंडीत तोट्याचे ठरतात. नव्या जाती वेगळ्या व्हायला मधे समुद्रच हवा असं नाही. एका डोंगराची उंचीही पुरते.

18व्या शतकाच्या सुरुवातीला ही संकरित रोपं इंग्लंडला पोहोचली. ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानातून ती गावातल्या भिंतींवर गेली आणि पुढे रेल्वे आल्यावर रुळांलगतच्या खडी-राखेवरून देशभर पसरली. ती खडी लाव्हासारखीच कोरडी, भुसभुशीत! मूळच्या डोंगरापासून तुटलेला हा संकर आज सेनेसिओ स्क्वालिडस ही स्वतंत्र जात मानला जातो.

गोष्ट इथेही थांबली नाही. ब्रिटनमधल्या सेनेसिओ वल्गॅरिसशी त्याचा पुन्हा संकर झाला आणि वेल्समध्ये सेनेसिओ कॅम्ब्रेन्सिस, तर यॉर्कमध्ये सेनेसिओ एबोरासेन्सिस या नव्या जाती जन्मल्या. यॉर्कची जात 1979 मध्ये सापडली आणि काही वर्षांतच तणनाशकांच्या माऱ्यात नाहीशी झाली. बीजपेढीत तिच्या बिया जपलेल्या होत्या, म्हणून 2023 मध्ये तिला यॉर्कमध्ये पुन्हा रुजवता आलं.