सांधे मोजायचे की दांड्या?

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या आमच्या आत्याचं पायाने चालवायचं शिलाई मशीन अजून धडधडतं. खाली वाकून बघितलं की पायडल डोलताना दिसतं, त्याला जोडलेली दांडी वरखाली होते आणि क्रँक, म्हणजे चाकाच्या आसाला जोडलेला वाकडा हात, मोठं चाक फिरवते. चौथा भाग म्हणजे जागचा न हलणारा लोखंडी सांगाडा. या रचनेला इंग्रजीत 'फोर-बार' म्हणतात, म्हणजे चार दांड्यांची. जर्मनमध्ये तीच 'फीअरगेलेंक-केट्टे', चार सांध्यांची साखळी. मला जर्मन हिशेब जास्त पटतो. सांधे चार आहेत हे डोळ्यांना दिसतं. इंग्रजीत मात्र आख्ख्या सांगाड्याला 'दांडी' म्हणावं लागतं!

कलाभवनात इंजिनिअरिंग शिकताना हे कुणी सांगितलं नव्हतं. मकरपुऱ्यातल्या कारखान्यांसाठी जर्मन ड्रॉइंगं इंग्रजीत आणायला लागलो तेव्हा कळलं. एकदा संगणकाने 'वेल्ले'चं भाषांतर 'लाट' केलं. शब्दकोशात ते बरोबरच आहे, पण मशीनमध्ये वेल्ले म्हणजे शाफ्ट, पिळाचं बळ पुढे पोचवणारा फिरता दांडा. नुसता भार पेलतो तो 'आख्से', आपल्या 'अक्ष'चा चुलतभाऊ. या आख्सेसाठी इंग्रजीत प्रत्यक्ष वस्तू असेल तर 'ॲक्सल' आणि कल्पनेतली रेघ असेल तर 'ॲक्सिस' लिहायचं. म्हणजे आधी चित्र बघा, मग शब्द.

यंत्रांच्या हालचालीची ही परिभाषा घडवण्यात जर्मन इंजिनिअर फ्रांत्स रूलो यांचा वाटा मोठा. त्यांचा जर्मन ग्रंथ 1875 चा. पुढच्याच वर्षी लंडनच्या अलेक्झांडर केनेडींनी तो इंग्रजीत आणला. रूलोंचा लाडका शब्द 'त्स्वांगलाउफ': त्स्वांग म्हणजे सक्ती, लाउफ म्हणजे धाव. एक भाग हलवला की बाकीच्यांनी ठरलेल्या वाटेनेच जायचं. इंग्रजीत त्याचं 'कन्स्ट्रेन्ड मोशन' झालं. सक्ती आली, धाव मात्र थोडी मंदावली.

'टोटलागे'ने तर माझी फजिती केली. क्रँक आणि दांडी एका रेषेत आल्या की दांडीच्या जोराने क्रँक फिरत नाही, ती ही 'मृत स्थिती'. मी 'डेड सेंटर' लिहून मोकळा झालो, आणि लेथवाल्याने टेलस्टॉकमधलं, म्हणजे फिरणाऱ्या कामाला दुसऱ्या बाजूने आधार देणाऱ्या भागातलं, टोक काढून दाखवलं, "हे?" त्यालाही डेड सेंटरच म्हणतात.

आत्याचं मशीनही कधीकधी नेमकं तिथेच थांबतं. पाय कितीही दाबा, ढिम्म. मग ती उजव्या हाताने वरचं चाक जरासं आपल्याकडे ओढते आणि शिवण पुढे सरकते.