श्वास मोजणारे मणी

लहान मुलाला न्यूमोनिया झाला की फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांमध्ये पू आणि पाणी साठतं. फुप्फुस ताठरतं, एका श्वासात पुरेशी हवा आत जात नाही आणि मूल ती कसर भरून काढायला भराभर श्वास घेऊ लागतं. १९८०च्या दशकात पापुआ न्यू गिनीमध्ये काम करणाऱ्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की खोकणाऱ्या मुलाचे श्वास नुसते मोजले तरी न्यूमोनिया बऱ्यापैकी ओळखता येतो. स्टेथोस्कोप नको, एक्स-रे नको. आकडेही ठरले : दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, किंवा त्याहून मोठं तान्हं मूल ५० किंवा त्याहून जास्त, तर औषध सुरू करायचं.

शोध साधा होता, पण गडचिरोलीतल्या एखाद्या पाड्यावर तो पोचायचा कसा? तिथं मुलाला ‘डब्बा’, म्हणजे न्यूमोनिया, झाला की बोलवायची ती दाई. तिच्याकडे सेकंदकाटा असलेलं घड्याळ नाही आणि शाळेचं तोंड न पाहिल्यामुळे ६०पर्यंतचे आकडेही येत नाहीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं यावर एक छोटं उपकरण तयार केलं. एका पट्टीवर मिनिटभर चालणारं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या पोटाकडे बघत दहा श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा. पुन्हा दहा, पुन्हा एक मणी. अगदी लहान बाळासाठी सहा मण्यांची ओळ, मोठ्यासाठी पाच मण्यांची. दोन्हींत शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया समजायचा. दहापर्यंत मोजता आलं की काम भागलं.

या उपकरणात श्वासांचा तोच निकष उतरला आहे. काटछाट केलेलं, ‘गरिबांपुरतं’ विज्ञान हे नव्हे. विज्ञान तेच, फक्त ते कोणाच्या हातात द्यायचं हे आधी ठरवून मग उपकरण घडवलेलं. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

परिणाम १९९०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. गावातले आरोग्यसेवक आणि दाया श्वास मोजून को-ट्रायमॉक्सॅझोल हे प्रतिजैविक देत होते, त्या गावांत न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी ०.८ टक्के दगावली. तुलनेच्या गावांत हे प्रमाण १३.५ टक्के होतं. औषध जुनंच होतं. ते वेळेवर देणारं माणूस आता गावातच होतं.

संशोधकांनाही शिकावं लागलं. सुरुवातीला ‘सर्च’नं आदिवासींमधल्या सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा अभ्यास हाती घेतला. शास्त्रीयदृष्ट्या तो महत्त्वाचाच, पण लोकांच्या रोजच्या दुखण्यांच्या यादीत सिकल सेल वर नव्हता. मग लोकांनाच विचारायला सुरुवात झाली. स्त्रियांनी जे सांगितलं त्यातून दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली आणि त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग असल्याचं निघालं. त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. १९८९ सालची ही गोष्ट. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढाच हिशेब चालायचा. जे कोणी विचारलंच नाही, ते कुठल्या सरकारी आकडेवारीत दिसणार?

पुढचा टप्पा नवजात बाळांचा. बालमृत्यूंचा मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातच असतो आणि तेव्हा आई-बाळ घरीच असायचे. ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं : वजन करणं, बाळाला उबदार पिशवीत ठेवणं, जन्मताच न रडणाऱ्या बाळाला श्वास देणं आणि जंतुदोषाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं. या गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होत होते, ते तिसऱ्या वर्षी २५वर आले. तुलनेच्या ४७ गावांत आकडा साठीच्या आसपासच राहिला. सातवी शिकलेल्या बाईच्या हातात सुई द्यायची का, यावर टीका होणं साहजिक होतं. पण दवाखाना कोसांवर आणि बाळ निळं पडत चाललेलं असताना गावापुढे दुसरा कोणता पर्याय होता, हेही टीकाकारांनी सांगायला हवं होतं.

२०११मध्ये ही पद्धत देशभर आशा कार्यकर्त्यांकडे सोपवली गेली. घरभेटी राहिल्या, वजनकाटा राहिला. इंजेक्शनचा अधिकार मात्र आशांना मिळाला नाही. त्यांनी आजारी बाळ ओळखून पुढे पाठवायचं. जिथं रस्ता आणि गाडी आहे तिथं हे चालतं. गडचिरोलीतल्या भामरागडमध्ये पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पलीकडची गावं तुटतात, तिथं पुढे पाठवायचं ते कुठं?

आणि मोबदला. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ४२ दिवसांत सहा घरभेटी, घरी झालं असेल तर सात, आणि योजना सुरू झाली तेव्हा त्या सगळ्यांचे मिळून २५० रुपये ठरले. शोधनिबंधात नवजात मृत्यू कमी झाल्याचा आलेख छापला जातो, त्यातला प्रत्येक बिंदू अशाच कुणी बाईनं उन्हातान्हात चालत जाऊन मिळवलेला असतो. सरकार तिला आजही ‘स्वयंसेविका’ म्हणतं. मानधनवाढीसाठी महाराष्ट्रातल्या आशांना २०२३मध्ये संपावर जावं लागलं. बाळांचे जीव वाचवणारी पद्धत म्हणून आपण जगाला जी अभिमानानं दाखवतो, तिच्या खर्चात या बायकांच्या श्रमाची पूर्ण किंमत धरायला हवी आणि ती दर महिन्याला, वेळेवर, त्यांच्या खात्यात पडायला हवी.